‘टायटॅनिकच्या पाचपट’ या चित्राविषयी

गेले काही दिवस नागपुरातल्या सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या आणि सहलवाल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक चित्र फिरत आहे. चित्रात आजचे एक अवाढव्य क्रूझ जहाज असून त्याच्या पोटाशी होडीएवढी दिसणारी टायटॅनिक आहे. खालच्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे, की आजचे जहाज टायटॅनिकच्या पाचपट मोठे, अधिक वेगवान आणि अधिक सुरक्षित आहे. जुन्या बोटी फक्त साहेबलोकांसाठी होत्या. त्यांच्याहून चांगली क्रूझ आली म्हणून त्या बंद पडल्या. आणि त्यांच्या देखणेपणाचे जे कौतुक होते ते निव्वळ गतकाळाचे कढ आहेत. आमच्या धरमपेठेतल्या गटात मुंबईहून क्रूझने जाण्याचा बेत ठरत असतानाच हा संदेश आला आणि सर्वांनी तो खरा मानला. क्रूझला माझा मुळीच विरोध नाही. मी स्वतः मुंबई-गोवा प्रवास आनंदाने केला आहे. परंतु ज्या बोटींनी शंभर वर्षे माणसे, पत्रे आणि घरदार एका खंडातून दुसऱ्या खंडात नेले, त्यांच्याविषयी इतके चुकीचे काही माझ्या ओळखीच्या माणसांनी खरे मानावे, हे मला सहन होत नाही.

‘पाचपट’ हा आकडा खरा आहे, पण त्याचा लावलेला अर्थ खरा नाही. टायटॅनिकचे ग्रॉस टनेज ४६,३२८ होते आणि २०२४ साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे २,४८,६६३ आहे. मात्र ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. नावात टन असला तरी ते जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे मोजमाप आहे, म्हणजे खोल्या, सभागृहे आणि मजले जितके जास्त, तितका तो आकडा मोठा. लांबी पाहिली तर टायटॅनिक २६९ मीटर आणि आयकॉन सुमारे ३६५ मीटर, म्हणजे दीडपटही नाही. पाण्याखाली कोण किती खोल उतरते हे पाहिले तर क्रम चक्क उलटा होतो: टायटॅनिक सुमारे १०.५ मीटर आणि तिच्या पाचपट म्हणवणारे जहाज सुमारे ९.२५ मीटर. यात आयकॉन बांधणाऱ्यांची काही चूक नाही. त्यांना उबदार समुद्रातल्या बेटांच्या उथळ बंदरांत शिरायचे असते, आणि वादळाची वर्दी आली तर मार्ग बदलण्याची मुभाही असते. उत्तर अटलांटिकमध्ये जानेवारी महिन्यात ठरलेल्या तारखेला निघून ठरलेल्या तारखेला पोहोचायचे असेल तर मात्र खोल बुडालेला सांगाडा, लाट कापणारी लांब निमुळती नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, आणि जाड पोलाद यांना पर्याय नाही. २००४ साली सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’चे आराखडे करताना स्टीफन पेन यांनी हाच आग्रह धरला, आणि त्याच आकाराच्या क्रूझ जहाजाला लागले असते त्याहून सुमारे ४० टक्के अधिक पोलाद त्या बोटीसाठी वापरले गेले.

वेगाचे विधान तर सरळ खोटे आहे. आयकॉनचा वेग सुमारे २२ नॉट, म्हणजे ताशी ४१ किलोमीटरच्या आसपास आहे. १९०७ साली सेवेत आलेली ‘मॉरिटानिया’ २५ नॉटहून अधिक वेगाने अटलांटिक ओलांडत असे. १९५२ साली ‘युनायटेड स्टेट्स’ या बोटीने आपल्या पहिल्याच सफरीत ३ दिवस १० तास ४० मिनिटांत तो महासागर पार केला. सरासरी वेग होता ३५.५९ नॉट, ताशी जवळजवळ ६६ किलोमीटर. क्रूझला या वेगाची गरजच नसते, कारण तिथे समुद्रावरचा वेळ हाच विकायचा माल असतो. लायनरचे तसे नव्हते. लाइन म्हणजे बांधलेला मार्ग, आणि त्या मार्गावर वेळापत्रकाने धावणारी ती लायनर. अनेक ब्रिटिश बोटींच्या नावाआधी ‘आर.एम.एस.’ अशी अक्षरे असत. आपल्या रेल्वे स्टेशनावरच्या आरएमएस कार्यालयामुळे ती अक्षरे नागपूरकरांना परिचित आहेत. तिथे पहिले अक्षर रेल्वेचे आहे, बोटीवर ते रॉयलचे होते, पण मधले अक्षर दोन्हीकडे टपालाचेच. टपालाचा करार म्हणजे तारखेचा करार, आणि उशीर झाला तर दंड. लायनर ही समुद्रावरची मेल होती. मेल आणि सहलीची बस यांत मोठे कोण, हा प्रश्न आपण जमिनीवर कधी विचारत नाही.

सुरक्षिततेबाबत संदेशाचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले पाहिजे. टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसे होती आणि लाइफबोटींत जागा होती १,१७८ जणांची. सुमारे दीड हजार माणसे गेली, आणि त्यानंतरच सर्वांना पुरतील इतक्या लाइफबोटींचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आजचे रडार, उपग्रहाधारित दिशादर्शन आणि आग विझवण्याची व्यवस्था तेव्हा नव्हती. परंतु संदेशात टायटॅनिकच्या एका रात्रीवरून साऱ्या लायनरांना नावे ठेवली आहेत, ते अन्यायाचे आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाजवळ दाट धुक्यात ‘स्टॉकहोम’ ही बोट ‘आंद्रेया डोरिया’ या इटालियन लायनरवर आदळली. डोरिया इतकी कलंडली की तिच्या एका बाजूच्या लाइफबोटी उतरवताच येईनात. त्याच दिवशी न्यूयॉर्कहून निघालेली ‘इल द फ्रान्स’ ही लायनर आपल्या वाटेवर होती. तिचे कप्तान राउल द बोदेआं यांनी वेळापत्रक बाजूला सारून बोट मागे फिरवली, धुक्यात वेग न आवरता ती घटनास्थळी आणली आणि जवळ येताच तिचे सगळे दिवे उजळायला सांगितले, कारण पाण्याकडे पाहत कठड्याला धरून बसलेल्या माणसांना मदत आल्याचे दिसणे गरजेचे होते. त्या एका बोटीने ७५३ जणांना वाचवले. एवढ्या माणसांना सामावून घेणारी मोठी बोट तिथे होती, याचे कारण ती ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मार्गावर होती. धडक बसून ठार झालेल्यांची नोंद वेगळी. पण त्यानंतर सुमारे अकरा तासांनी डोरिया बुडाली, तेव्हा तिच्यावर अडकलेल्यांपैकी बहुतेक सर्व सुटलेले होते.

‘फक्त साहेबांसाठी’ हे विधान मला सर्वांत जास्त खटकले, कारण ते खोटे असल्याचा पुरावा माझ्या घरात आहे. माझे थोरले मामा इथल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकले आणि १९५९ च्या सप्टेंबरात पुढील शिक्षणासाठी विलायतेला गेले. नागपूरहून मेलने मुंबई, आणि बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून अँकर लाइनची ‘सर्केशिया’ ही लिव्हरपूलला जाणारी बोट. त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्याकडे आहे. तिच्या झाकणावरचे कागदी लेबल अर्धे उडाले असले तरी ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’ ही अक्षरे अजून वाचता येतात. ज्या ट्रंकेवर हे लेबल असे ती बोटीच्या तळघरात जाई आणि उतरायच्या बंदरातच हाती येई. जी केबिनमध्ये हवी तिच्यावर ‘केबिन’ असे लेबल लावीत. आजी सांगत असे की त्या लेबलामुळेच तिला रडू आले, कारण मुलाला तीन आठवडे नको असलेल्या सामानात तिने विणलेला स्वेटर होता. शेतीवर चालणाऱ्या घरातला हा मुलगा साहेब नव्हता.

आणि तो एकटाही नव्हता. ऑगस्ट १९३० मध्ये नागपुरात दलित काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर रोजी मुंबईहून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले. त्याआधी १९१७ साली, लंडनहून परतताना त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके त्या बोटीवर टॉर्पेडो पडल्याने समुद्रात गेली होती. १९३१ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर गेले. अटलांटिकवर तर या कंपन्यांचे गणित युरोपातून अमेरिकेत निघालेल्या गरीब स्थलांतरितांवरच उभे होते. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने दार जवळपास लावून घेतले, तेव्हा कंपन्यांना त्या जागा विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी स्वस्त पर्यटक वर्ग म्हणून बदलाव्या लागल्या. वर्गभेद होता, आणि तो कठोर होता. टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गाच्या सुमारे सातशे प्रवाशांसाठी स्नानाचे टब अवघे दोन होते, आणि तळाशी भट्ट्यांत कोळसा ओढणाऱ्यांचे हाल कोणत्याही सजावटीने झाकले जात नाहीत. परंतु आजच्या मोठ्या क्रूझ जहाजांवरही जास्त पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळा तलाव, वेगळे उपाहारगृह आणि इतरांना बंद असलेला वेगळा विभाग असतो, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

इथे जुन्या बोटींच्या चाहत्यांचीही एक चूक दुरुस्त करतो. ‘पॉश’ हा शब्द जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीतली केबिन मिळालेल्या प्रवाशांच्या तिकिटावरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या आद्याक्षरांच्या शिक्क्यातून आला, असे मोठ्या हौसेने सांगितले जाते. तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. जी बाजू आपली वाटते तिच्याकडूनही खोटे बोलू नये.

क्रूझमुळे लायनर बंद पडल्या, या विधानाला फार वेळ देण्याचे कारण नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. आपल्याकडेही अँकर लाइनची मुंबईची प्रवासी सेवा १९६६ साली थांबली. क्रूझ हा व्यवसाय त्यानंतर बहरला, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात जुन्या लायनरच त्यासाठी वापरल्या गेल्या. १९६२ सालची ‘फ्रान्स’ ही ३१५ मीटर लांबीची देखणी बोट १९७९ मध्ये क्रूझसाठी घेतली, तेव्हा तिचे नाव ‘नॉर्वे’ झाले आणि तिला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी दोन काढून टाकण्यात आले, कारण आता कुठे वेळेवर पोहोचायचे नव्हते. दोन्ही प्रकारांतला फरक याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही. तीच बोट पुढे गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आली आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर तिथेच तोडली गेली.

राहिला प्रश्न आकर्षणाचा. लायनर बांधणारेही देखावा करत, हे खरे आहे: टायटॅनिकच्या चौथ्या धुराड्याला एकही बॉयलर जोडलेला नव्हता आणि ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच लायनरचे तिसरे धुराडे केवळ तोल दिसावा म्हणून होते. तरीही जे मुळात सुंदर होते ते गरजेतून आलेले होते. दुबईत हॉटेल झालेली ‘क्वीन एलिझाबेथ २’ मी मुलीकडे गेलो असताना पाहिली. तिच्या लांब बोळातून चालताना भिंतीलगतचा कठडा सतत हाताला लागत होता, आणि टोकाकडे जाऊ लागलो तसा पायाखालची जमीन किंचित चढत असल्याचे तळव्यांना कळत होते. ती बांधणीतली चूक नव्हे. बोटीची दोन्ही टोके उचललेली असली म्हणजे नाळ लाटेवर चढते. तो बाक साऱ्या सांगाड्यात असतो, म्हणून तो बोळातही उतरतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याच बाकाची डौलदार रेघ दिसते. मी गेलो त्या क्रूझ जहाजावर बोळ पाणसळीत सपाट होते आणि डोल नगण्य होता. माझ्या पत्नीचे गुडघे पाहता ते सोयीचेच होते. पण दोन दिवसांत आपण कुठवर आलो, हे एकाही सहप्रवाशाने कोणाला विचारल्याचे मी ऐकले नाही. लायनरवर रोज दुपारी चोवीस तासांत तोडलेले मैल फलकावर लागत आणि प्रवासी त्या आकड्यावर पैजा लावत.

‘क्वीन मेरी २’ आजही साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी फेरी करते, आणि पश्चिमेकडे जाताना तिच्यावरची घड्याळे एकेका तासाने मागे घेतली जातात, त्यामुळे वाटेतले काही दिवस पंचवीस तासांचे होतात. मामांच्या ट्रंकेत एक खिशातली डायरी मिळाली. तिच्यात एडन, सुएझ, पोर्ट सैद या नावांखेरीज फारसे काही लिहिलेले नाही. मात्र ‘घड्याळ अर्धा तास मागे’ ही नोंद मी मोजून पाहिली, तर ती नऊ वेळा आहे. त्यांचे साडेचार तास होतात, आणि सप्टेंबरात नागपूर व लिव्हरपूल यांच्या वेळेतले अंतर नेमके तेवढेच असते.