केबल बदलल्यावर परतीचे वॅट का वाढले

नमस्कार. आपण एक स्टार देऊन लिहिलंय की रेडिओ सेटपासून गच्चीवरच्या अँटेनापर्यंतच्या जुन्या केबलवर अँटेनाकडून परत येणारी पॉवर दीड वॅट दिसायची, आमच्याकडून नवी केबल टाकल्यावर ती साडेतीन झाली, म्हणजे पैसे घेऊन आम्ही चांगलं चाललेलं बिघडवलं. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांचा अर्थ मात्र तसा नाही, आणि तो मी काउंटरवरच समजावून द्यायला हवा होता. गर्दीत राहून गेलं, ती चूक माझी.

तुमची जुनी केबल आरजी-५८, १५ मीटर. १४५ मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत जवळपास निम्मी पॉवर केबलच खाते. सेटमधून २५ वॅट निघाले की गच्चीवर पोचायचे साडेबारा. अँटेना त्यातला पाव हिस्सा, म्हणजे तीनेक वॅट, परत पाठवायचा आणि खाली येईपर्यंत त्याचेही निम्मे व्हायचे. मीटर सेटजवळ, म्हणून त्यावर दीड. हिशेबाने एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.७ च्या आत, कुणालाही बरा वाटेल असा. अँटेनापाशी तो ३ होता.

नवी आरजी-२१३ कमी खाते. आता वर साडेअठरा पोचतात, अँटेना पूर्वीसारखाच पाव हिस्सा परत पाठवतो आणि त्यातले साडेतीन मीटरपर्यंत येतात. दोष आधीपासून होता, जुन्या केबलने तो झाकून ठेवला होता. अँटेनात आधी साडेनऊ वॅट जात होते, आता चौदा जातात. रिपीटरवर (आपला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) आवाज आता स्वच्छ जातो असं आपणच खाली लिहिलंय, ते त्यामुळेच.

केबल देताना तिच्या दुसऱ्या टोकाला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सगळी पॉवर पचवणारा रोधक) लावून तुमच्यासमोर तपासली होती. परतीची पॉवर मोजण्यासाठी मीटरमधला एलिमेंट (बाणाच्या दिशेने जाणारी पॉवर मोजणारा भाग) फिरवून बाण सेटकडे केला तेव्हा काटा शून्यावरून हललाही नव्हता, आठवत असेल. म्हणजे दोष केबलचा नाही. दुसरीकडे कुणी ‘केबल थोडी कापा, मॅच होईल’ म्हटलं असेल तर कृपया कापू नका. अँटेनाचा दोष त्याने जात नाही.

गच्चीवरचं काम त्या दिवशी पावसामुळे राहिलं. माझा पहिला संशय अँटेनाच्या तळाच्या कनेक्टरवर आहे. दोन पावसाळे उघड्यावर गेले की आतली पिन हिरवी पडते. तो साफ करून टेप गुंडाळू, चारही रेडियल (अँटेनाच्या तळाशी तिरक्या लावलेल्या कांड्या) घट्ट आणि ४५ अंशांत आहेत ना पाहू. मग मीटर वरच, अँटेनाच्या बुडाशी लावून १४४ आणि १४६ ला परतीची पॉवर मोजू. १४४ ला कमी दिसली तर अँटेनाची मधली उभी कांडी लांब आहे, दोन-दोन मिलिमीटर कापत जाऊ. वर पोचणाऱ्या साडेअठरा वॅटपैकी पाऊण वॅटपेक्षा कमी परत आले की एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला.

याचे पैसे घेणार नाही. उघडीप मिळाली की फोन करा, सकाळी मीटर घेऊन मी स्वतः येतो. गच्चीची किल्ली तेवढी सोसायटीकडून मागून ठेवा.