नकली हिरवळ अंगणातलं पाणी 'पिऊन टाकते'? थोडा खुलासा

नागपुरातल्या लेआउटच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अंगणात पाणी साचतं? कडेने उंच वाफे बांधा, मध्ये आर्टिफिशियल टर्फ टाका, काम फत्ते.’ अर्धं खरं आहे, म्हणूनच घोळ होतो.

टर्फ पाणी शोषत नाही. त्याच्या पाठीला असलेल्या भोकांतून ते फक्त खाली जातं, आणि खाली आपली काळी माती. ती पावसात फुगते, भेगा मिटतात, पाणी जिरता जिरत नाही. खात्री करायची असेल तर भर पावसाळ्यात फूटभर खड्डा खणा, पाणी भरा आणि सकाळी बघा. बहुतेक तसंच असेल. त्यावर थेट टर्फ अंथरलं तर चिखल झाकला जातो, एवढंच.

काम करतो तो खालचा थर: माती काढून जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), वर दाबलेली गिट्टी, मग दगडाची चुरी आणि मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार, घरापासून दूर. पाणी पावसाळी नालीत सोडा, गडर लाइनीत (सांडपाण्याच्या) नको.

उंच वाफ्यांनी झाडांची मुळं वाचतात, हे बरोबर. पण चारही बाजू बंद केल्या तर अंगणाचं टाकं होतं. उताराकडे भोकं ठेवाच. घराच्या भिंतीला वाफा टेकवला की ओल आत येते.

आणि मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात, टर्फवर अनवाणी पाय टेकवत नाही. मेसेजवाले हे सांगत नाहीत.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.