बाबांचं कार्ड आणि २० हजारांची मोकळीक

यंदा गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, बाबांचं पाकीट मारलं. शोभेचं दारूकाम बघायला होम मैदानावर गेले होते. तिथली गर्दी सोलापूरकरांना काय सांगायची! पाकिटात साडेतीनशे रुपये आणि एटीएम कार्ड. कार्डाच्या कव्हरात चिठ्ठी, चिठ्ठीवर पिनचे चार आकडे. निवृत्त शिक्षकाचं सुवाच्य अक्षर, चोराला चष्मासुद्धा लागला नसेल.

"घरीच राहिलं असेल की," म्हणत बाबा झोपले. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. मेसेज पाहिले सकाळी. ११:४७ ला १० हजार, ११:४९ ला १० हजार. मग पंधरा मिनिटं काहीच नाही. १२:०४ ला १० हजार, १२:०६ ला पुन्हा १० हजार. दिवसाची मर्यादा २० हजारांची, आणि बारा वाजले की त्या बँकेचा दिवस बदलतो. चोर मशीनपाशी घड्याळ बघत थांबला होता हो!

बँकेतले साहेब नीट बोलले. पिन कार्डासोबत ठेवला, म्हणजे निष्काळजीपणा आमचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे अशा वेळी बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं, त्यानंतरचं बँकेचं. रात्री लगेच फोन केला असता तर निदान बारानंतरचे २० हजार वाचले असते. मान्य.

माझा राग वेगळा आहे. बाबांनी आजवर एका वेळी ५ हजारांच्या वर कधी काढले नाहीत. मग त्यांच्या कार्डाला २० हजारांची मोकळीक कुणासाठी? १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंदच येते, हवी असेल तर आपण चालू करायची. एटीएमची मर्यादाही अशीच तळापासून का सुरू होत नाही? ती ॲपवरून कमी करता येते, हे आम्हाला कळलं ४० हजार गेल्यावर. कार्ड देताना काउंटरवर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मित्र म्हणतो, रात्री दवाखान्यात डिपॉझिट मागितलं तर? अरे, दवाखान्यात स्वाइप मशीन असतं, आणि स्वाइपची मर्यादा एटीएमपेक्षा वेगळी, बहुतेक कार्डांवर मोठीच असते. शिवाय वाढवायला दोन मिनिटं लागतात.

नव्या कार्डाला ३ हजारांची मर्यादा लावली. परवा भाचीच्या लग्नाच्या आहेरासाठी बाबांना ६ हजार हवे होते. नवी पेठेतल्या एटीएमबाहेरून फोन आला, "मशीन नाही म्हणतंय." मी मर्यादा वाढवली. पैसे मोजून झाल्यावर पुन्हा फोन, "हं, आता कर कमी. मी इथंच थांबतो, झाली की सांग."