हिरवा दिवा लागला म्हणजे भाजी निर्धोक?

‘खिशात मावणारे यंत्र भाजीवर धरा, प्रकाश पडताच पाच सेकंदांत कोणतेही कीटकनाशक किती आहे ते कळते, हिरवा दिवा लागला तर भाजी बिनधास्त खा, प्रयोगशाळेची गरज संपली,’ अशा आशयाचा मजकूर चित्रफितींसह सर्वत्र फिरतो आहे. त्यातला एक दावा अर्धा खरा आहे आणि त्याच्या आधारावर बाकीचेही खपून जातात, म्हणून ते सुटे करून तपासलेले बरे.

नुसता प्रकाश टाकून अवशेष कळतात, हा पहिला दावा. अशी अनेक स्वस्त यंत्रे अवरक्त प्रकाशाचे शोषण मोजतात. फळातली साखर किंवा धान्यातला ओलावा मोजायला ही पद्धत उत्तम आहे, कारण तिथे मोजमाप टक्क्यांत असते. हजारात एका भागाच्या खाली मात्र ती साधारणपणे चाचपडू लागते. शिवाय बहुतेक भाज्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि ते १४५० व १९४० नॅनोमीटरजवळचा प्रकाश इतका शोषते की बारीकसारीक खुणा त्यात बुडून जातात. अवशेषांच्या कायदेशीर मर्यादा रसायनागणिक आणि पिकागणिक वेगळ्या असल्या, तरी कडक मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची, म्हणजे दहा कोटींत एका भागाची असते. मिठाचा एक बारीक कण सहा किलो टोमॅटोंत विरघळवला, तर प्रमाण साधारण तेवढेच होईल.

अर्धे सत्य आहे ते रामन परिणामावर चालणाऱ्या यंत्रांत. १९२८ साली नोंदवलेल्या या परिणामात विखुरलेल्या प्रकाशाचा एक अत्यल्प अंश, ढोबळमानाने कोटी प्रकाशकणांमागे एखादा, रेणूची ओळख सांगणारा बदल घेऊन परततो. १९७४ मध्ये खडबडीत चांदीवर चिकटलेल्या पिरिडिन या रसायनाचा संकेत अनपेक्षितपणे जोरकस मिळाला आणि त्यातूनच पुढे चांदी-सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे कागद आले. प्रत्यक्ष चाचणी अशी होते: टोमॅटोची साल द्रावकात भिजवलेल्या बोळ्याने पुसायची, तो अर्क चांदीच्या कागदावर उतरवायचा, सुकू द्यायचा आणि मग त्यावर लेसर धरायचा. सालीवर थायरम हे बुरशीनाशक पुरेसे असेल तर परतलेल्या प्रकाशाच्या आलेखात दर सेंटिमीटरला १३८० या तरंगसंख्येच्या आसपास ठसठशीत शिखर उमटते. चित्रफितींत हा बोळा कुठेच दिसत नाही, आणि खरे काम तर तोच करतो.

‘कोणतेही कीटकनाशक’ हे शब्द सर्वांत जास्त फसवे आहेत. थायरममधले गंधक चांदीला घट्ट धरते, म्हणूनच प्रात्यक्षिकांत ते वारंवार वापरले जाते. जे रेणू चांदीला चिकटत नाहीत ते या कागदावर जवळजवळ अदृश्य राहतात. पालेभाजीच्या अर्कातली हरितद्रव्ये आणि कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये स्वतःचाच गोंगाट करतात, तो वेगळाच. दुसरा प्रकार म्हणजे रंग बदलणाऱ्या विकरपट्ट्या (विकर म्हणजे एन्झाइम); ज्यांचा रंग छोटा प्रकाशसंवेदक वाचतो, त्या ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या गटांसाठी उपयोगी आहेत, कारण ही रसायने अॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला रोखतात. पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटाचे काम तसे चालत नाही, त्यामुळे त्याची फवारणी झालेली भाजीही या पट्टीवर स्वच्छ ठरू शकते.

मग हिरव्या दिव्याचा अर्थ काय? यंत्राच्या यादीतल्या रसायनांपैकी एकही त्याच्या किमान शोधमर्यादेपेक्षा जास्त सापडले नाही, एवढाच. आणि तेही पुसलेल्या जागेपुरते. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके पेशींच्या आत शिरतात, तिथे बोळा पोचत नाही. सालीवरून पुसून घेतलेल्या अर्कातून किलोमागे मिलिग्रॅम हा आकडा थेट मिळत नाही. ज्या यंत्रासोबत रसायनांची यादी आणि शोधमर्यादा दिलेली नाही, त्याचा दिवा माझ्या मते शोभेचा आहे.

प्रयोगशाळेत सहसा किमान किलोभर नमुना चिरून एकजीव करतात, त्यातला थोडा भाग द्रावकात काढतात आणि क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत) व रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या वस्तुमानमापकाने एकाच फेरीत शेकडो रसायने तपासतात. ढिगातल्या पन्नास क्रेटांपैकी कोणते तीन तिथे पाठवायचे, हे ठरवायला हातातले यंत्र नक्कीच कामाचे आहे. लाल दिवाही अंतिम निकाल नव्हे: कांदा-लसणाच्या रसातले नैसर्गिक घटकसुद्धा विकरपट्टीवर खोटा इशारा देऊ शकतात, त्यामुळे केवळ त्या दिव्यावरून कुणाचा माल फेकून देणे अन्यायाचे ठरेल.