करारातलं एक कलम आणि विली नेल्सनचा अल्बम

अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनच्या १९७५ च्या 'रेड हेडेड स्ट्रेंजर' या अल्बमबद्दल कुणी बोलायला लागलं की गोष्ट ठरलेल्या वाटेने जाते. कलंदर माणूस, लांब केस, जुनी गिटार, कंपनीच्या साहेबांना न जुमानता केलेली गाणी आणि शेवटी मिळालेलं घवघवीत यश. मला ही गोष्ट अपुरी वाटते. कलंदर तो होताच, पण नुसत्या कलंदरपणावर अल्बम दुकानात पोचत नाही. तो जसा केला तसाच, एक स्वर न बदलता बाहेर आला, याचं मोठं श्रेय मी एका कागदाला देते. कोलंबिया रेकॉर्ड्सशी झालेल्या करारात लिहिलेलं होतं की गाणी कोणती, वादक कोण, ध्वनिमुद्रण कुठे आणि शेवटी ते ऐकू कसं यायचं, हे विली ठरवणार. कंपनीला अल्बम आवडला नव्हता. तरी तिला तो काढावा लागला. आज लिहायला बसले आहे ते या कलमाबद्दल.

मी टेक्ससमध्ये प्लेनोला राहते. अल्बम जिथे ध्वनिमुद्रित झाला ते गार्लंड आमच्या शेजारचंच गाव. डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांत कंट्री संगीत म्हणजे टोपी, ट्रक आणि बिअरची गाणी, असा समज मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. इतकी माणसं इथे आयुष्य काढतात, मुलं इथे वाढवतात आणि या मातीतलं सगळ्यात चांगलं संगीत त्यांच्या कानावर पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विलीला कागदाचं मोल फार महागात कळलं होतं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ह्यूस्टनमध्ये तो अगदी कडकीत होता. घर चालवायला त्याने स्वतःची दोन गाणी विकली: 'फॅमिली बायबल' पन्नास डॉलरला आणि 'नाइट लाइफ' दीडशे डॉलरला. दोन्ही गाणी पुढे खूप गाजली. 'नाइट लाइफ' तर असंख्य गायकांनी गायलं. ज्याने लिहिलं त्याच्या हातात मात्र ते दीडशे डॉलरच. १९६० मध्ये तो टेनेसीतल्या नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या मुख्य ठाण्यावर, गेला आणि गीतकार म्हणून पटकन उभा राहिला. १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइनने गायलेलं 'क्रेझी' त्याचंच. म्हणजे गाणी लिहिता येतात याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. शंका होती ती त्याच्या गाण्याबद्दल.

कारण तो तालाच्या जरा मागे किंवा जरा पुढे गातो. शब्द सोडून देतो, मग अलगद पकडतो. आपल्याकडे ठुमरी ऐकलेल्या माणसाला यात काही खटकणार नाही, उलट तोच त्याचा गोडवा वाटेल. पण नॅशव्हिलची त्या काळातली कामाची पद्धत वेगळी होती. स्टुडिओत तीन तासांचं सत्र, त्यात तीन-चार गाणी उरकायची. वादक शहरातले ठरलेले, अत्यंत तयार, पण रोज चार गायकांना साथ करणारे. गायकाबरोबर वर्षभर गावोगाव फिरणाऱ्या वादकांना ध्वनिमुद्रणात सहसा जागा नसे. गाणी निर्माता निवडणार, नंतर त्यावर व्हायोलिनचा ताफा आणि मागे गाणाऱ्यांचा समूह चढवणार. आरसीए या रेकॉर्ड कंपनीत विलीचा निर्माता होता चेट अ‍ॅटकिन्स, स्वतः थोर गिटारवादक. या नॅशव्हिल साउंडचा अर्थ विचारला की तो खिशातली नाणी खुळखुळवून दाखवायचा, असं सांगतात.

साठच्या दशकाच्या मध्यापासून विलीने आरसीएसाठी एकामागून एक अल्बम केले. त्यातले बरेच मी ऐकले आहेत. गाणी उत्तम आहेत, आवाजही उत्तम, पण दोघांच्या मध्ये कायम कुणीतरी उभं असतं. १९७१ मध्ये त्याने 'यस्टरडेज वाइन' नावाचा एका माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत जाणारा अल्बम केला. त्याचं काय करायचं तेच कंपनीला कळलं नाही.

त्याच्या आसपास टेनेसीतलं त्याचं घर जळालं. गिटार वाचली. तो टेक्ससला परतला, आधी बँडेराला आणि मग १९७२ मध्ये ऑस्टिनला. तिथे आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स नावाच्या मोठ्या सभागृहात केस वाढवलेली कॉलेजची पोरं आणि बूट-टोपीवाले गावकरी एकाच रांगेत उभे राहून त्याचं गाणं ऐकू लागले. नॅशव्हिलमध्ये ज्याला गायक म्हणून फारसं कुणी विचारत नव्हतं, तो इथे लोकांचा झाला. मधे अटलांटिक कंपनीसाठी त्याने दोन सुरेख अल्बम केले, पण १९७४ मध्ये अटलांटिकने आपला कंट्री विभागच बंद केला.

इथे गोष्टीत नील रेशेन येतो, आणि या माणसाचं नाव चाहत्यांच्या गप्पांत फारसं निघत नाही. हा न्यूयॉर्कचा मॅनेजर, वाटाघाटीत अतिशय कडक. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं काम पाहणारा. त्याने आधी विलीचा मित्र, कंट्री गायक वेलन जेनिंग्जसाठी आरसीएकडून असंच स्वातंत्र्य लिहून घेतलं होतं. तेच त्याने विलीसाठी कोलंबियाकडून घेतलं. गाणाऱ्याने स्वतः भांडायचं नसतं, भांडणारा माणूस शोधायचा असतो, हे विली तोवर शिकला होता.

अल्बमची कल्पना सुचली गाडीत. कोलोरॅडोहून टेक्ससला परतताना बायको कॉनी शेजारी बसली होती. आता काय करावं, असा विषय निघाला आणि तिने 'रेड हेडेड स्ट्रेंजर' या गाण्याची आठवण काढली. हे गाणं त्याचं नव्हे. पन्नासच्या दशकात फोर्ट वर्थच्या रेडिओवर काम करताना तो ते लहान मुलांच्या कार्यक्रमात लावायचा आणि पुढे स्वतःच्या मुलांना झोपवताना म्हणायचा. त्या एका गाण्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, हे गाडी चालवता चालवता तो रचत गेला. काही गाणी स्वतः लिहिली, काही जुनी घेऊन गोष्टीत बसवली. घरी आल्यावर गिटार घेऊन सगळं टेपवर भरून ठेवलं.

गोष्ट अशी. एक धर्मोपदेशक. बायको त्याला सोडून दुसऱ्याकडे जाते. तो दोघांनाही मारतो आणि काळ्या घोड्यावरून रानोमाळ फिरत राहतो. बायकोचा घोडा बरोबर घेतलेला. वाटेत एक पिवळ्या केसांची बाई त्या घोड्याला हात लावते, तिलाही तो ठार करतो. खूप पुढे, डेन्व्हरच्या नंतर, त्याला पुन्हा कुणाचा तरी हात हातात मिळतो.

मला या गोष्टीचा त्रास होतो. दोन बायकांचे जीव जातात आणि सगळी कणव मारणाऱ्याच्या वाट्याला येते. मुलांना झोपवायचं गाणं म्हणून तर मी ते कधीच म्हणणार नाही. जुन्या इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांतून आलेली ही परंपरा आहे हे मला माहीत आहे, पण परंपरा आहे म्हणून बोचायचं थांबत नाही. तरी मी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकते, कारण गाणारा त्या माणसाची बाजू मांडत नाही. तो आवाज चढवत नाही, रडत नाही, काही समजावत नाही. घडलं ते सांगतो आणि थांबतो. न्याय करायचं काम ऐकणाऱ्यावर येऊन पडतं.

आणि तो थांबतो तेव्हा मागे खरंच शांतता असते! जानेवारी १९७५ मध्ये गार्लंडच्या ऑटम साउंड स्टुडिओत तो स्वतःचे वादक घेऊन गेला. पियानोवर सख्खी बहीण बॉबी. दोघं लहानपणापासून आजी-आजोबांकडे एकत्र वाढले, एकत्र वाजवायला शिकले. ड्रमवर पॉल इंग्लिश, बासवर बी स्पिअर्स, माउथ ऑर्गनवर मिकी राफेल. फिल यॉर्क ध्वनिमुद्रण पाहत होता. काम थोडक्या दिवसांत आटोपलं आणि खर्च आला चार हजार डॉलरच्या आसपास. कित्येक ठिकाणी नुसता आवाज आणि नायलॉनच्या तारांची ती गिटार. ड्रम आहेत की नाहीत हे कान देऊन शोधावं लागतं. पहिल्या गाण्याची चाल मधून मधून परत येते, कीर्तनात बुवा आख्यानातून अभंगाच्या ध्रुवपदावर परततात तशी, आणि दर वेळी तेच शब्द जास्त जड होऊन येतात. बॉबी एकटी पियानोवर चर्चमधलं जुनं भजन वाजवते तो तुकडा मिनिट-दोन मिनिटांचा असेल. खुनानंतर ते भजन ऐकताना मी दर वेळी हातातलं काम बाजूला ठेवते.

मग टेप कंपनीकडे गेली. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाचे वरिष्ठ अधिकारी ब्रूस लुंडव्हॉल यांना हे पक्कं काम न वाटता कच्चा नमुना वाटला, यावर अजून साज चढवायचा असेल असंच त्यांनी धरलं. नॅशव्हिलमधले कंपनीचे निर्माते बिली शेरिल यांनाही ते मुळीच पटलं नाही. शेरिल यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, मला ते योग्य वाटत नाही. टॅमी वायनेट आणि जॉर्ज जोन्स या कंट्री गायकांकडून त्यांनी जे गाऊन घेतलं ते काळजाला हात घालणारं आहे. त्यांचे कान भरल्या वाद्यवृंदात घडले होते, त्यांनी प्रामाणिकपणे मत दिलं. म्हणूनच तर कलम महत्त्वाचं. वाईट माणसांपासून वाचायला करार लागतोच, पण चांगल्या, जाणकार, वजनदार माणसांच्या प्रामाणिक मतापासून वाचायला तो जास्त लागतो. रेशेन आणि वेलन जेनिंग्ज दोघंही लुंडव्हॉल यांच्याकडे गेले आणि वेलनने तिथे चांगलाच आवाज चढवला, असे किस्से आहेत. पण आवाज कितीही चढवला तरी शेवटचा शब्द कुणाचा, हे आधीच कागदावर होतं.

मे १९७५ मध्ये अल्बम आला. फ्रेड रोज यांनी चाळीसच्या दशकात लिहिलेलं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' हे त्यातलं गाणं ऑक्टोबरात कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून विली पहिल्या क्रमांकावर पोचला तो पहिल्यांदाच, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं. अल्बमही यादीत वर पोचला आणि पुढे अमेरिकेत त्याच्या वीस लाखांवर प्रती गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याला जागा दिली.

लुंडव्हॉल यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढे ते ब्लू नोट या जॅझच्या कंपनीचे प्रमुख झाले आणि त्यांनी एका अगदी नव्या मुलीला करारबद्ध केलं: नोरा जोन्स. पंडित रविशंकर यांची मुलगी, डॅलसजवळच्या ग्रेपव्हाइनमध्ये वाढलेली. २००२ चा तिचा पहिला अल्बम ऐका. किती मोकळा, किती कमी वाद्यांचा! गार्लंडची ती टेप त्यांच्या कानात कुठेतरी राहिली असावी, असं मला वाटतं. पुरावा काही नाही, माझी श्रद्धा म्हणा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरातलं आहे. पुण्यातला माझा भाचा गाणी करतो. एका कंपनीने त्याची चार गाणी घेतली, सही करून घेतली आणि मग त्याच्या नुसत्या तंबोऱ्यावरच्या गाण्याला ठेका आणि सिंथ लावून ते प्रसिद्ध केलं. त्याला ते आधी ऐकवलंसुद्धा नाही. तो फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. करारात 'आवश्यक ते सर्व बदल करण्याचा अधिकार कंपनीस राहील' अशी ओळ होती. त्याने ती वाचली होती, पण असं सगळ्याच करारांत असतं असं त्याला सांगितलं गेलं.

भारतात २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर जिवाचं रान केलं. त्या बदलामुळे गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा लिहून देऊ शकत नाहीत. दिला तरी तो कायद्याने टिकत नाही. दीडशे डॉलरला 'नाइट लाइफ' विकणाऱ्या तरुणाला असा कायदा मिळाला असता तर! पण ही तरतूद पैशाच्या वाट्याचं बघते. गाणं लोकांपुढे जाताना कसं वाजावं, हे गाणाऱ्याने करारातच मागून घेतलेलं बरं. नवोदिताच्या हातात मागण्याइतकं बळ नसतं हे मला कळतं. विलीलाही ते पंधरा वर्षांनी मिळालं. पण निदान एखाद्या गाण्यापुरतं, निदान प्रसिद्ध करण्याआधी ऐकवून लेखी होकार घेण्यापुरतं तरी मागावं, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. नाही म्हणाले तर नाही म्हणाले.

तुमच्यापैकी कुणी गायक, संगीतकार, ध्वनिमुद्रक किंवा या विषयातले वकील असाल आणि असं कलम कधी घालून घेतलं असेल, तर खाली जरूर लिहा. नेमके शब्द काय वापरले, समोरच्याने कशावर हरकत घेतली, शेवटी काय मान्य झालं. कंपनीचं नाव नको. भाच्याचा पुढचा करार येऊ घातला आहे, आणि त्याच्यासारखी बरीच मुलं ही पोस्ट वाचतील.