भाकऱ्या कोण करणार?

परवाच्या रविवारी आमच्या ह्यांच्या ग्रुपची फॅमिली पिकनिक झाली. फोटो तुम्ही बघितलेत, लाइकही केलेत. धुरात उभे असलेले आठ बाप्ये, डोळ्यांवर काळे चष्मे, हातात चिमटे. खाली कॉमेंटी, 'नवरे असावेत तर असे', 'वहिनी नशीबवान हं'. त्या नशीबवान वहिनीनं आता लिहायला घेतलंय, जरा लांबेल.

आधी हा ग्रुप कसला ते सांगते. बेळगावात 'पार्टी' म्हणजे काय हे कुणाला समजावायला नको. कोल्हापूरकडं रस्सा मंडळ म्हणतात, आपल्याकडं नुसतं 'शेतावर जातोय' म्हटलं तरी कळतं. पाच-सहा दोस्त, एक पातेलं, दोन किलो मटण आणि गोव्याहून कुणाच्या तरी डिकीतून आलेली बाटली. बायकापोरं घरी. रात्री अकराला पातेलं परत येतं आणि 'विसळलंय की' असं सांगून मोरीत ठेवलं जातं. माझे सासरे सांगायचे, आपण मुंबई राज्यात होतो तेव्हा १९४९ च्या कायद्याची दारूबंदी होती, बाटली कडब्याच्या गंजीत लपवायचे. १९५६ ला राज्य बदललं, पुढं कधीतरी बंदीही उठली. बाटली घरच्या बायकांपासून लपवायची सवय मात्र तशीच राहिली.

तर तीन वर्षांपूर्वी आम्ही मुलाकडं अमेरिकेला गेलो होतो. तो तिथल्या एका होमब्रूइंग क्लबात आहे, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांची मंडळी. उन्हाळ्यात त्यांची फॅमिली पिकनिक असते, बरोबर बार्बेक्यूची स्पर्धा. मी आधी नाकच मुरडलं. गेले तर काय, एका बागेत आज्या, तान्ही बाळं, कुत्री, सगळी एकाच झाडाखाली. पोरांसाठी वेगळं रूट बिअर, त्यात दारू नाही. प्रत्येक पिंपापुढं एक कार्ड, त्यात कुठलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), कुठलं हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुलं), दारू किती टक्के. ज्यानं केली तोच उभा राहून पाव ग्लास ओततो आणि पंधरा मिनिटं बोलतो. ते ऐकता ऐकता माणूस पिणार किती! पाव ग्लासात दुपार काढलेली माणसं मी पहिल्यांदा बघितली.

तिथंही हे पूर्वापार चालत आलेलं नाही. घरी बिअर करायला त्यांच्या केंद्र सरकारनं परवानगी दिली ती १९७८ मध्ये, कार्टर अध्यक्ष असताना. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास. प्यायची, वाटायची, स्पर्धेला न्यायची. विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्यं तर २०१३ पर्यंत अडून होती.

आणि बार्बेक्यू! रात्रभर जागून, मंद धगीवर दहा-बारा तास ठेवलेला गुरांच्या छातीचा तुकडा. परीक्षकांकडं कागद, त्यात तीन रकाने: दिसतं कसं, लागतं कसं, मऊ किती. हे सगळं पुरुषांचं काम. मी मुलाला म्हटलं, बघ, शिका काहीतरी. तेवढ्यात एक बाई गाडीतून दोन मोठे ट्रे उतरवताना दिसली. बटाट्याचं सॅलड. साठ माणसांचे बटाटे तिनं आदल्या रात्री एकटीनं उकडून सोललेले. नवऱ्याला मांसाचं दुसरं बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या. सॅलडचे ट्रे रिकामे झाले आणि गाडीत परत गेले. त्या कागदावर सॅलडला रकाना नव्हता. तेव्हा मला ते तेवढं टोचलं नाही, हे कबूल करते.

परत आल्यावर ह्यांच्या डोक्यात बिअरचं खूळ शिरलं. ग्रुपमधल्या वकिलांनी ते पहिल्याच बैठकीत उतरवलं. कर्नाटकाचा अबकारी कायदा १९६५ चा, परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, विषय संपला. मग ही मंडळी आल्याच्या सोड्यावर आली. जिंजर बिअर म्हणायचं नाही अशी वकिलांची ताकीद आहे, नावात बिअर नको. सालीसकट किसलेलं आलं, साखर, पाणी. रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर घालत राहायचं. आल्याच्या सालीवरच यीस्ट असतं, ते पाच-सहा दिवसांत फेस धरतं. बरणीला कान लावला तर तव्यावर मीठ तडतडावं तसा बारीक आवाज येतो. आमचे हे सकाळी देवपूजेआधी बरणीला कान लावतात. मग ते पाणी आल्यालिंबाच्या सरबतात घालून बाटल्या भरायच्या, दोन दिवस बाहेर, की लगेच फ्रिज. जास्त दिवस राहिलं तर नशेच्या वाटेला लागतं, म्हणून वकील तारखा लिहून ठेवतात.

पहिल्या वर्षी तारीख चुकली. एप्रिलचा उकाडा, काचेच्या बाटल्या, आणि ठेवल्या कुठं तर माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी. पहाटे तीनला धडाम्. मला वाटलं सिलिंडर गेला. साखर उरली होती, यीस्ट जागं होतं, गॅसला वाट नव्हती. मखर चिकट, भिंतीवर आलं, माळाभर काचा. हे खाली उभं राहून म्हणतात, 'कार्बोनेशन मस्त झालं होतं गे.' तेव्हापासून प्लॅस्टिकच्या बाटल्या. बाटली दाबून बघायची, दगडासारखी लागली की फ्रिजमध्ये.

आता माझं म्हणणं. या लोकांनी आंबवणं म्हणजे काहीतरी शोध लावल्यासारखं चालवलंय. तापमानाच्या वह्या, चर्चा, अकरा वाजेपर्यंत फोन. मी चाळीस वर्षं दही लावते. थंडीत आंबोळीचं पीठ फुगत नाही म्हणून डबा गोधडीत गुंडाळून ठेवते. माझी आई खानापूरला उन्हाळाभर नाचणीची आंबील करायची, कुठल्या भांड्यात लवकर आंबते आणि कुठल्या भांड्यात बिघडते हे तिला वास घेऊन कळायचं. तिचा कुणी क्लब नव्हता. आम्ही केलं की स्वयंपाक, तुम्ही केलं की छंद. हे मी ह्यांना तोंडावर सांगितलंय, पोस्टमध्ये चोरून लिहीत नाही.

म्हणून यंदा 'फॅमिली पिकनिक, बरोबर कुकिंग कॉम्पिटिशन' असा मेसेज आला तेव्हा मी ग्रुपवर एकच ओळ टाकली: भाकऱ्या कोण करणार? दीड तास कुणी काही बोललं नाही. कारण आपल्याकडं फॅमिली पिकनिक म्हणजे स्वयंपाकघराला चाकं लावून नेणं. बायकांना 'चला की फिरायला' म्हणायचं, आणि तिथं पोचल्यावर कांदे पुढ्यात ठेवायचे. आम्ही सगळ्या जणींनी ठरवून कळवलं, येतो. चूल, पाटा, विळी, काही हातात धरणार नाही. परीक्षक तेवढ्या होतो. कबूल झाले.

जागा जांबोटी रस्त्याला, किणयेच्या पुढं एकाचं शेत आहे तिथं. हवा सुरेख. आम्ही आंब्याखाली सतरंजीवर. तीस वर्षांत मी पहिल्यांदा पिकनिकला जाऊन बसले होते. हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं, खरं सांगते.

स्पर्धेचं थोडक्यात. पहिल्या टीमनं मटणाला कच्ची पपई लावून रात्रभर मुरवलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं, पपईनं मऊ होतं. होतं, पण तासा-दोन तासांत. रात्रभर ठेवल्यावर त्याचा लगदा झाला. शिगेवर चढवलं की विस्तवात पडायचं. अर्धा किलो तरी इंगळांनी खाल्लं. दुसऱ्या टीमनं जवारी, म्हणजे गावठी कोंबडी अख्खी धगीवर धरली. जवारी कोंबडीला मंद आच आणि वेळ लागतो, हे लोक पंचवीस मिनिटांत फोटो काढून मोकळे. वरून कोळसा, आत रबर. मसाला मात्र झकास होता, संकेश्वरी आणि ब्याडगी दोन्ही मिरच्या, एक तिखटाला, एक रंगाला. कुणी वाटला विचारलं तर म्हणाले आम्हीच. त्यातल्या एकाच्या बायकोकडं मी बघितलं. ती आंब्याच्या फांदीकडं बघत होती.

तिसरी टीम म्हणजे आमचे शेजारी अप्पा, एकटेच. लिंगायत, मांसाला शिवत नाहीत. कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी काही न बोलता किलोभर रताळी राखेत पुरली आणि 'स्वल्प वेळ लागतंय बघा' म्हणून पेपर वाचत बसले. रताळी आपल्या पश्चिम भागातली, तांबड्या मातीतली. सव्वा तासानं काढली. साल काळी ठिक्कर, एका टोकाला फुटून त्यातून पाकासारखा चिकट थेंब आलेला. फोडल्यावर आत केशरी नाही, आपलं जवारी पांढरटच, पण ओलसर आणि गोड असं की पोरं भांडली. वर लोणी आणि मिरची-मीठ, बस्स.

ग्रुपमध्ये एक निवृत्त केमिस्ट्रीचे सर आहेत. ते उठून उभेच राहिले. म्हणाले, अहो, हीच बिअर आहे! रताळं हळू तापलं की साठ-सत्तर अंशांच्या आसपास त्यातलं एन्झाइम पिठाची साखर करतं, माल्टोज. बिअर करणारे बार्ली माल्ट पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात ते ह्याचसाठी. झटक्यात भाजलं तर एन्झाइम मरतं, रताळं मचूळ राहतं. अप्पा म्हणाले, 'आमच्या अव्वानं सांगितलेलं, घाई करू नको म्हणून.' आमच्या कागदावरही अमेरिकेतलेच तीन रकाने होते, तिन्हीत अप्पा पहिले. कोंबडीवाले अजून धुसफुसतायत की रताळं म्हणजे बार्बेक्यू नव्हे.

आल्याचा सोडाही फक्कड झाला होता. एकानं कोकम घातलेला केला होता, तो मला जास्त आवडला. आणि गंमत म्हणजे बाटली कुणाच्याच डिकीत नव्हती, की असली तर बाहेर आली नाही. ज्यानं सोडा केला तो पोरांना सांगत बसला, बुडबुडे कुठून येतात ते. माझी नात त्याला म्हणाली, म्हणजे किडे शू करतात? त्यानं 'तसंच काहीसं' म्हणून मान्य केलं. अशा पार्टीला मी कधीही जाईन. बायकापोरांसमोर बसून प्यायला-खायला लाज वाटत नसेल तरच ती पार्टी, हे माझं मत मी बदलणार नाही. उद्या सरकारनं घरच्या बिअरला परवाना दिला तरी माझी हरकत नाही, ती याच सतरंजीवर आली पाहिजे.

जेवायला बसलो. तांदळाच्या भाकऱ्या आल्या, पातळ, पांढऱ्याशुभ्र, गरम. मी दोन खाल्ल्या. तिसरी घेताना डोक्यात आलं, या आल्या कुठून?

गोठ्यामागं गेले. शेताच्या राखणीला असलेल्या कुटुंबातली बाई तीन दगडांच्या चुलीपुढं बसलेली. उकड काढलेलं पीठ परातीत, शेजारी पाण्याचा तांब्या. भाकरी तव्यात टाकली, वर पाण्याचा हात फिरवला, पाणी आटायच्या आत उलटली, मग तवा जरा सरकवून विस्तवाला टेकवली. फुगली. तिनं बघितलंसुद्धा नाही, हात पुढच्या गोळ्यावर. सकाळी आठपासून नव्वद भाकऱ्या. दर ठरलेला, भाकरीला दहा रुपये. पैसे दिलेत, त्यात फसवणूक नाही. पण आम्ही जणी आंब्याखाली हात मोकळे ठेवून बसलो होतो ते कुणाच्या जिवावर, हे चार तास आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही. मीही त्यातलीच, आणि परीक्षक!

मी बसू लागले तर म्हणाली, 'तुमी ऱ्हावा वैनी, कापडं खराब होतील.' मग पीठ थापताथापता तिनंच विषय काढला, 'मटनाला लई वेळ पपई लावली त्येनी. रातीच इचारलं असतं तर सांगितलं असतं की.' तिला चवीला एक तुकडा पाठवला होता, त्यावरून ओळखलं.

परत येऊन मी म्हटलं, कागदावर चौथा रकाना काढा, भाकरी. तर कोंबडीवाले म्हणाले, वहिनी, भाकरी काय स्पर्धेतला पदार्थ आहे का? ती असतेच. मला एकदम ते बटाट्याचे ट्रे आठवले.

मी रकाना काढलाच, पेनानं, वाकडा. दहापैकी दहा लिहिले आणि कागद नेऊन त्या बाईला दाखवला. तिला वाचता येत होतं. वाचलं, हसली आणि म्हणाली, 'बक्षीस काय हाय?' बक्षीस नव्हतं. अप्पांना मिळालेली सोड्याची बाटली अप्पांनीच तिच्यापुढं ठेवली. तिनं झाकण फिरवलं, फस्स झालं, वास घेतला आणि पोराला हाक मारली.

पुढची पिकनिक महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी ठरतेय. मी ग्रुपवर परत तीच ओळ टाकली. या वेळी उत्तर चार मिनिटांत आलं.

'पाव आणूया.'