लिनक्स काढल्यावर लॅपटॉप सुरू होत नाही? कृपा करून डिस्क ‘क्लीन’ करू नका

‘मावशी, क्लीन टाइप केलंय, एंटर मारू का?’ असा मेसेज परवा भाचीने कोपरखैरण्याहून केला. सोबत तो फॉरवर्ड होता, जो आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरही ‘हमखास उपाय’ म्हणून फिरतोय. त्यात म्हटलंय: उबुंटू (विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या लिनक्सचा एक प्रकार) डिलीट केल्यावर काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब’ (लिनक्सला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) दिसायला लागलं, तर लिनक्सने हार्ड डिस्क खराब केली असं समजा. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क हाताळायच्या टूलमध्ये शून्य नंबरची डिस्क निवडून ‘क्लीन’ मारा. तरी जमलं नाही तर मदरबोर्डची बॅटरी काढा, सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमने मशीन सुरू होऊ न देणारी सुरक्षा) कायमचं बंद करा, आणि शेवटी ‘फिक्सएमबीआर’ ही कमांड चालवा.

भाचीला मी फोन करून थांबवलं. ग्रुपवरच्या प्रत्येकाला फोन करता येत नाही, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात ‘क्लीन’पासूनच करते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात. क्लीन म्हणजे लिनक्सचा उरलासुरला कचरा काढणं, असं त्या मेसेजमध्ये लिहिलंय. हे साफ खोटं आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या डिस्कपार्टच्या माहितीत स्पष्ट दिलंय की ही कमांड निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, काढून टाकते. सगळी म्हणजे विंडोजचं, डी ड्राइव्हवरच्या फोटोंचं, कंपनीने दिलेल्या रिकव्हरीचंही. लिनक्स कुठलं आणि विंडोज कुठलं हे ती बघत नाही. ‘नक्की करायचं का?’ असंही विचारत नाही. एंटर दाबलं की डिस्क साफ झाल्याची एक ओळ येते, बस्स. विंडोज चालू असताना त्याच डिस्कवर क्लीन मारायला गेलात तर डिस्कपार्ट नकार देतो. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की ती आडकाठी उरत नाही, आणि फॉरवर्ड नेमकं तेच करायला सांगतो.

त्यात ‘शून्य नंबरची डिस्क’. ज्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही आहेत, तिथे शून्य नंबर कुणाला मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणजे बिघाड एकीकडे आणि पुसली जाते दुसरीच, जिच्यावर घरातल्या बारशापासूनचे फोटो असतात.

कुणी आधीच एंटर मारलं असेल तर त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका. विंडोज पुन्हा टाकू नका, फॉरमॅट करू नका. साधं क्लीन पार्टिशनचा तक्ता पुसतं, आतला डेटा बहुतेक वेळा तिथेच असतो, आणि टेस्टडिस्क नावाच्या मोफत प्रोग्रॅमने तो तक्ता पुष्कळदा परत उभा करता येतो. त्यावर नवीन विंडोज टाकलं की ही संधी हातची जाते.

आता ‘हार्ड डिस्क खराब झाली’ हा दावा. स्टेशनजवळच्या एका दुकानदारानेही ताईला हेच ऐकवलं, नवी एसएसडी टाकावी लागेल म्हणून. अहो, ‘ग्रब’ ही अक्षरं त्याच डिस्कवरून वाचून स्क्रीनवर येतात. डिस्क बंद पडली असती तर ती दिसलीच नसती. झालंय एवढंच: भाचीने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं मोठं पार्टिशन उडवलं. पण नव्या मशीनमध्ये बूटच्या, म्हणजे मशीन सुरू करायच्या, फाइल एका छोट्या, लपलेल्या पार्टिशनमध्ये असतात, तिथे विंडोजचं एक फोल्डर आणि उबुंटूचं एक. उबुंटूचं फोल्डर तसंच राहिलं, आणि आधी कुणाला सुरू करायचं याच्या मदरबोर्डच्या यादीतही उबुंटूचं नाव पहिलं राहिलं. त्यामुळे मशीन आधी ग्रबला उठवतं, ग्रब आपल्या बाकीच्या फाइल शोधायला जातं आणि पाडून टाकलेल्या चाळीच्या पत्त्यावर आलेल्या पोस्टमनसारखं उभं राहतं. विंडोज शेजारीच शाबूत असतं.

फिक्सएमबीआरबद्दल अर्धं बरोबर आहे, तेवढं मान्य करते. जुन्या बायॉस पद्धतीच्या मशीनवर ग्रब डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसायचं आणि ही कमांड त्या जागी विंडोजचा कोड परत लिहिते, पार्टिशनच्या तक्त्याला हात न लावता. पण विंडोज ८ नंतरच्या, म्हणजे साधारण २०१२ पासूनच्या बहुतेक लॅपटॉपवर यूईएफआय ही मशीन सुरू करायची नवी पद्धत असते. तिथे बूट त्या सेक्टरवरून होतच नाही, त्यामुळे कमांड ‘यशस्वी’ म्हणते आणि स्क्रीन काळीच राहते. शिवाय क्लीन मारल्यावर फिक्सएमबीआर चालवून काय मिळणार? सुरू करायला काही उरलेलंच नसतं.

बॅटरी काढायचं तर नावच नको. बूटची यादी फ्लॅश मेमरीत असते, बॅटरी काढून ती पुसली जात नाही. लॅपटॉप उघडून वॉरंटी मात्र धोक्यात येते.

सिक्युअर बूटचा या बिघाडाशी संबंध नाही. उलट ते बंद केलं आणि ड्राइव्हवर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) असेल, तर विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. बंद केलं असेल आणि की मागत असेल, तर सिक्युअर बूट परत चालू करून बघा. तरीही मागितली तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल, फोनवरून लॉगिन करून बघा.

आणि खरा उपाय? ‘ग्रब’ दिसतंय तिथे ‘एक्झिट’ (exit) टाइप करून एंटर मारा. बऱ्याच मशीनवर यादीतलं पुढचं नाव, म्हणजे विंडोज, सुरू होतं. नाही झालं तर मशीन चालू करताना एफ२ किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून सेटिंगमध्ये जा आणि बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ सगळ्यात वर आणा. सेव्ह करा. भाचीचं काम एवढ्यावरच झालं. उबुंटूचं उरलेलं फोल्डर काही एमबीचं असतं, ते राहिलं तरी बिघडत नाही.

त्या यादीत विंडोज बूट मॅनेजर हे नावच नसेल, तरच पेनड्राइव्ह लागतो. तो मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या टूलने दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा, ८ जीबीचा पुरतो. त्यावरून मशीन सुरू करून आधी विंडोजचं स्टार्टअप रिपेअर करून बघा. मग कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीबूट (bcdboot) ही कमांड, ते विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या फाइल नव्याने तयार करतं. फक्त पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तेव्हा कमांड देण्याआधी विंडोजचं फोल्डर खरंच सी वर दिसतंय का ते बघून घ्या.